ढिगातली गादी

मंगळवारी सकाळी पावणेआठच्या सुमारास देवीलाल आडे खोकला, वाकला आणि बाजूला थुंकला. थुंकी लाल होती. बोरी अरब गावापासून जवळच संत्र्याचं एक शेड आहे. शेडमागे खताचा ढीग आहे. त्या ढिगाला पाठ टेकून तो रोजच्यासारखा बसला होता.

ढिगाच्या माथ्यावर दोघी बायका दाताळ्यानं खत पलटवत होत्या. एक देवीलालची बायको हंसाबाई, दुसरी त्यांच्याच बंजारा तांड्यातली सुखीबाई. सुखीबाईचं लक्ष आधी गेलं.

"काहून भाऊजी," ती वरूनच म्हणाली, "पुन्हा खर्रा धरला का? बायको डोक्यावर उभी हाय, जरा तरी भ्या."

देवीलालनं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला त्याला बरीच वर्षं झाली होती. एरवी त्यानं सुखीबाईला असं सोडलं नसतं. तांड्यात उत्तराला उत्तर देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आज टाचेनं थोडं खत ओढून त्यानं थुंकी झाकली, तोंड पुसलं आणि पुसलेला हात शालीत घेतला. हंसाबाईनं तो हात पाहिला. दाताळं तिथंच रोवून ती खाली उतरली.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय दाखवू? दात हलून राह्यला एक."

त्याच्या तोंडात हलण्याजोगे दात फारसे उरले नव्हते. शेजारी शेकत बसलेले दोघे म्हातारे बोलायचे थांबले. देवीलाल पुन्हा खोकला, आणि या वेळी झाकायला वेळ मिळाला नाही.

शेड विठ्ठलरावांचं. आजूबाजूच्या बागांमधली संत्री तिथं येतात, धुतली जातात, बुरशी धरू नये म्हणून औषधाच्या टाकीतून काढली जातात, त्यांना मेणाचं पॉलिश चढतं आणि ट्रक भरून बाहेर जातात. जी जात नाहीत ती मागे फेकली जातात. फुटकी, डागी, पिचलेली, टाकीतून निघाल्यावरही दोन दिवसांत हिरवी पडलेली. पूर्वी ती नाल्यात जायची आणि वास गावापर्यंत यायचा. मग विठ्ठलरावांनी कुठलंसं शिबिर केलं आणि खत करायचं ठरवलं. संत्र्यांचा थर, त्यावर सोयाबीनचा भुसा, म्हणजे कुटार, त्यावर शेण, वरून पाणी. अधूनमधून सगळा ढीग उलटापालटा करायचा. हे काम सुरुवातीपासून हंसाबाईकडे होतं. तिच्या हातचं खत चांगलं होतं, हे विठ्ठलराव चारचौघांत सांगत. तांड्यातल्या बहुतेकांच्या शेतात ते गेलं होतं.

ढीग आतून तापतो. थंडीत दाताळं आत गेलं की वाफेचा लोट उठतो, आणि वाफेबरोबर राखेसारखी हिरवट-करडी धूळ. ती केसांवर, भुवयांवर, हातांच्या लवेवर बसते. बायका नाकावर पदर बांधत. काम झालं की पदर सोडून झटकत आणि त्यालाच तोंड पुसत. तिखट कुटण्यापेक्षा हे बरं, असं सुखीबाई म्हणायची. धुळीनं शिंका येत नव्हत्या, डोळे चुरचुरत नव्हते. त्रास देत नाही त्याची भीती कशी वाटणार.

देवीलाल या ढिगाशी कामासाठी आला नव्हता. तरुणपणी तो जिनिंगमध्ये सरकी वाहायचा. मग टीबी झाला. त्यानं गोळ्यांचा कोर्स पुरा केला, एकही गोळी चुकवली नाही. हंसाबाई समोर उभी राहून गिळायला लावायची. टीबी गेला. तेव्हाच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून उजवीकडं एक काळी पोकळी दाखवली होती. आजार गेला, जागा रिकामी राहिली, जड काम करू नका, असं तो म्हणाला होता. रिकामी जागा म्हणजे काय, हे दोघांनी विचारलं नाही. बरा झाला, हे ऐकायला गेले होते. ते ऐकलं आणि घरी आले.

दर हिवाळ्यात मात्र त्याची छाती धरायची. शेकोटीचा धूर सोसत नव्हता. घरात चूल पेटली की तो बाहेर, बाहेर थंडी. दोन हिवाळ्यांपूर्वी हंसाबाईला युक्ती सुचली. ढिगाच्या उगवतीकडच्या अंगाला तिनं फावड्यानं एक कोनाडा कोरला, माणूस पाठ टेकून बसेल एवढा. त्यात दुहेरी पोतं अंथरलं आणि सकाळी कामावर येताना नवऱ्याला बरोबर आणून तिथं बसवलं. ना धूर, ना जाळ. पाठीला कोवळी ऊब. दुपारपर्यंत देवीलालची छाती मोकळी झाली. निदान त्याला तसं वाटलं.

"प्रेमची याडी," तो तिला म्हणाला, "आता मले इथून उठवजो नको."

याडी म्हणजे आई, आणि प्रेम त्यांचा मुलगा. ती त्याला 'प्रेमचे बा' म्हणायची, तो तिला असा. पुढं तांड्यातले इतर म्हातारेही यायला लागले. बाबूसिंग आला, त्याचा मेहुणा आला. कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी आपापली पोती टाकली. देवीलालच्या घराण्याकडे तांड्याचं कारभारीपण होतं. पूर्वी तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या शेजारी बसून कारभारी भांडणं मिटवायचा, सोयरिकी जुळवायचा. आता लोक पोलीस ठाण्यात जात किंवा मोबाइलवर भांडत. कारभाऱ्याला विचारायला कोणी येत नव्हतं. पण या ढिगापाशी बसल्यावर लोक पुन्हा देवीलालला विचारू लागले. बैल कोणाचा, बांध कुणी कोरला, सुनेला माहेरी का धाडलं. विठ्ठलराव येता-जाता त्याला 'देवीलालची गादी' म्हणत, भाडं लावीन अशी धमकी देत, आणि स्वतःही घटकाभर टेकत.

ढीग पलटवताना कोनाडा मोडायचा. हंसाबाई दर खेपेला तो नव्यानं कोरायची. कोरलेल्या खताची मूठ नाकाशी नेऊन बघायची आणि मगच पोतं टाकायची. आंबूस वास असला तर थांबायची. तिला नवऱ्याला घाणीत बसवायचं नव्हतं.

त्या मंगळवारी यवतमाळच्या दवाखान्यात देवीलालला खाट मिळाली. रक्त त्याच दिवशी थांबलं. पुन्हा टीबीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. बेडके तपासले, त्यात टीबी निघाला नाही. मग त्याला यंत्रात घालून फोटो काढले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर दिपाली खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. वयानं त्या हंसाबाईच्या सुनेएवढ्या होत्या. त्यांनी फोटो दाखवला. उजवीकडची ती जुनी पोकळी आता काळी नव्हती. तिच्यात लिंबाएवढा पांढुरका गोळा होता.

"ही बुरशी आहे, मावशी. शिळ्या भाकरीवर येते तशी. जुन्या टीबीनं केलेल्या पोकळीत वाढली आहे."

हंसाबाईनं गोळ्याकडे बघून घेतलं. लोणच्यावर आलेली बुरशी ती बोटानं काढून फेकायची. ही कशानं काढायची, ते तिला दिसेना.

डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. बाबा काम काय करतात. हंसाबाई म्हणाली, काही नाही. घरात ओल आहे का. नाही. सडकं धान्य, कोंबड्यांचं खुराडं. नाही. ती खोटं बोलत नव्हती. त्यांचं घर कोरडं होतं, स्वच्छ होतं. तिला त्याचा अभिमान होता.

"मग दिवसभर असतात कुठं?"

"बसून राह्यतेत."

"कुठं बसतात?"

खाटेवरून देवीलालनंच उत्तर दिलं. "खताच्या ढिगाले टेकून. हिनं जागा करून देल्ली मले. लय मस्त ऊब रायते, मॅडम."

डॉक्टर दिपालींनी कशाचं खत, किती जुनं, पलटवताना धूळ उडते का, तेव्हा ते कुठं असायचे, सगळं विचारून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की कुजणाऱ्या फळांत ही बुरशी वाढते. ढीग जितका तापतो तितकी ती खुशीत असते. ती हिरवी धूळ म्हणजे तिचंच बी. धडधाकट माणसाच्या छातीत ते गेलं तरी बहुधा शरीर निस्तरतं. बाबांच्या छातीत त्याला राहायला जागा तयार होती.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हंसाबाईला नंतर वाटत राहिलं. त्या रागावल्या नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल, असं म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

"खत हाय थे," देवीलाल त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला. "कापसाची पऱ्हाटी वाढते त्याच्यावर."

गोळ्या सुरू झाल्या. मुलगा प्रेम पुण्याहून आला, सुट्टी संपली तसा परत गेला. सून पुष्पा दवाखान्यात राहिली. हंसाबाई दर दोन-तीन दिवसांनी एसटीनं यवतमाळला जायची, बाकीचे दिवस कामावर. घरात बसवेना. ती पुन्हा त्याच ढिगावर उभी राहायची, तीच धूळ अंगावर घ्यायची, आणि तिला काही होत नव्हतं. साधा खोकलासुद्धा नाही. एकदा सुखीबाई खाली गेलेली पाहून तिनं नाकावरचा पदर सोडला, खतात दाताळं खुपसलं आणि वाफेवर तोंड धरून श्वास ओढला. काय बघायचं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. काहीच झालं नाही. सुखीबाई वर आली तेव्हा तिनं पदर पुन्हा बांधला होता.

महिनाभर गोळ्या घेऊन फोटो काढला. गोळा कमी झाला नव्हता, उलट थोडा वाढला होता. देवीलालचं वजन उतरलं होतं. ताप येत-जात होता. डॉक्टर दिपालींनी हंसाबाईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि यावेळी संत्र्यांबद्दल विचारलं. फळांवर काही मारतात का?

हंसाबाईनं सांगितलं. बागेत फवारा होतो. शेडमध्ये टाकी आहे, तिच्यात फळ बुडवून काढतात. "सडू नये म्हणून. बुरशीचंच औषध हाय थे."

"आम्ही बाबांना देतो ते औषध आणि टाकीतलं ते, बहुतेक एकाच घराण्यातली आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "टाकीतलं औषध सालीवर राहतं. साल ढिगात जाते. त्यात जी बुरशी जगली, ती त्या औषधाला सरावलेली असू शकते. मग आमची गोळी तिला काही करत नाही."

"म्हणजे तिनं आधीच पिऊन घेतलं."

"तसंच काहीसं. पण नक्की माहीत नाही. नमुना नागपूरला पाठवलाय. कोणतं औषध चालेल ते तिथून कळेल."

कापून काढता येणार नाही का, असं हंसाबाईनं विचारलं. सर्जननी पाहिलं होतं. दुसरं फुफ्फुसही जुन्या आजारानं अर्धं गेलेलं. टेबलावरच काही झालं तर सावरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसरं एक औषध सलाईनमधून देता येतं, पण ते किडनी धरतं, आणि देवीलालची किडनी आधीच कुरकुरत होती. रिपोर्ट आल्याशिवाय ते सुरू करायला डॉक्टर तयार नव्हत्या. आला तरी ते झेपेल का, हेही त्यांनी सांगितलं नाही.

ती आत गेली तेव्हा देवीलाल जागा होता.

"काय म्हणे मॅडम?"

"नागपूरहून औषध येऊन राह्यलं."

"चांगलं हाय." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तू त्या दिवसापासून नीट जेवून नाई राह्यली. पुष्पा सांगत होती."

"जेवते मी."

"तू कायले मनाले लावून घेते? ऊब तर होती ना." एवढं बोलून त्याला दम लागला. तिनं त्याच्या पाठीखाली हात घातला, उशी सरळ केली. पाठ तापलेली होती.

दुसऱ्या दिवशी हंसाबाई विठ्ठलरावांकडे गेली. तिनं डॉक्टरांचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. विठ्ठलराव वाईट माणूस नव्हते. देवीलालला दवाखान्यात नेलं ते त्यांच्याच गाडीतून. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि बराच वेळ टाकीकडे बघत राहिले.

"मग काय करू सांगा, हंसाबाई. टाकी बंद केली तर माल वाटेतच सडते. खत बंद केलं तर पुन्हा नाल्यात टाका. आम्हाले तर शिबिरात हारतुरे घालून सांगतलं होतं का खत करा म्हणून. मीबी टेकलो ना त्या ढिगाले."

काय करावं हे हंसाबाईलाही माहीत नव्हतं. ढीग झाकून ठेवा, असं ती म्हणाली. झाकला तर आत हवा जात नाही आणि खत नासतं, हे तिनंच त्यांना पूर्वी सांगितलं होतं. दोघांनाही ते आठवलं. विठ्ठलरावांनी आतून कोरोनाच्या वेळचं मास्कचं पुडकं आणून दिलं. बायकांनी दोन दिवस ते लावले, तिसऱ्या दिवशी हनुवटीवर ओढले. वाफेनं ओले होतात, श्वास कोंडतो, असं सुखीबाई म्हणाली, आणि ते खरं होतं.

राहिले म्हातारे. हंसाबाईनं त्यांना सकाळी उभ्यानं सांगितलं. इथं बसू नका. धूळ छातीत जाते, आत उगवते. बाबूसिंगनं विडी विझवली आणि मान देऊन ऐकून घेतलं.

"वहिनी, त्याले टीबी होता म्हणून झालं ना? डॉक्टरच म्हणे ना तसं?"

"हो."

"मग मले कोठी टीबी होता?"

डॉक्टर खरंच तसं म्हणाल्या होत्या. कोणाच्या छातीत रिकामी जागा आहे, हे बाहेरून दिसत नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तिला ते शब्द सापडेपर्यंत बाबूसिंगचा मेहुणा शेतातल्या रानडुकरांबद्दल बोलू लागला होता. घरी धूर, बाहेर थंडी, आणि सुना दिवस उजाडला की म्हाताऱ्यांना उंबऱ्याबाहेर काढतात. ते जाणार कुठं, हेही तिला कळत होतं.

गुरुवारी सकाळी ढीग पलटवायचा होता. रात्री पारा बराच उतरला होता आणि शेडमागे वाफ नेहमीपेक्षा दाट दिसत होती. हंसाबाई दाताळं घेऊन आली तेव्हा म्हातारे येऊन बसले होते. नेहमीचे दोघे आणि आणखी एक नवा. तिघंही ढिगाला पाठ लावून, शाली कानांवर घेऊन बसले होते. मधला कोनाडा मात्र मोकळा होता. देवीलालचं पोतं तसंच अंथरलेलं, आणि कोणीतरी त्यावर पडलेलं कुटार झटकलेलंही दिसत होतं. नवा माणूस जागा नसल्यानं कडेला अर्धा मातीवर बसला होता, पण त्या जागेवर बसला नव्हता.

तिचा फोन वाजला. पुष्पा होती. रात्री ताप नव्हता, पण पहाटे पुन्हा थोडं रक्त पडलं, असं तिनं सांगितलं. मॅडम येऊन गेल्या. बा बोलतो म्हणतात, पण त्यांना जास्त बोलू देऊ नका, असंही ती म्हणाली.

पलीकडून आधी श्वासच ऐकू आला.

"प्रेमची याडी."

"बोला."

"गादीवर कोण बसलं?"

हंसाबाईनं समोर पाहिलं.

"कोणी नाई," ती म्हणाली. "मोकळी हाय."

"बाबूसिंगबी नाई?"

"तो बाजूले हाय. तुमची मोकळी ठेवली सगळ्याईनं."

मग फोन पुष्पाकडे गेला आणि बंद झाला.

सुखीबाई वर चढून तिची वाट बघत होती. हंसाबाई चढली नाही. दाताळं घातलं की धूळ उठणार आणि खाली बसलेल्यांवर जाणार. उठा म्हणून तिनं त्यांना सांगितलं. उठतो, एवढी उन्हं येऊ दे, असं बाबूसिंग म्हणाला. ती दाताळ्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. ऊन शेडच्या पत्र्यावर आलं, टाकीवर आलं, ढिगाच्या पायथ्यापर्यंत आलं. म्हातारे उठले नव्हते.

दुपारपर्यंत नागपूरचा रिपोर्ट आलेला नव्हता.